एकटीला पहिली रात्रपाळी लावू नका

प्रति,
गोव्यातल्या सरकारी आणि खाजगी रुग्णालयांच्या मेट्रन, नर्सिंग सुपरिटेंडेंट, वॉर्डांच्या इनचार्ज सिस्टर आणि महिन्याचा ड्युटीचा तक्ता ज्यांच्या हातून लिहिला जातो त्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली. बी.एस्सी. नर्सिंगच्या आठव्या सेमिस्टरला आहे. थोड्याच आठवड्यांत पोस्टिंग संपेल, परीक्षा होईल, निकाल लागेल आणि आमच्या बॅचच्या मुली नोंदणीच्या अर्जाला लागतील. त्यानंतर आमच्यापैकी बऱ्याच जणी तुमच्या दारात येतील. त्याआधी एक मागणं तुमच्या कानावर घालायचं आहे, म्हणून हे पत्र.

मागणं असं: नोंदणी क्रमांक हातात घेऊन नवी मुलगी कामावर आली की पहिले तीन महिने तिला वॉर्डात एकटीला रात्रपाळी लावू नका. तिच्यासोबत जुनी, हात बसलेली एक सिस्टर ठेवा.

पगाराचं मागणं या पत्रात नाही. तो विषय महत्त्वाचा नाही असं मुळीच नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, अशी शिफारस त्या समितीने केली. ती कुठे पाळली जाते आणि कुठे नाही, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. पण आज मला त्याहून आधीची गोष्ट सांगायची आहे. ती पहिल्या पगाराच्याही आधी, पहिल्या रात्री घडते.

आमच्याकडे डॉक्टर आणि नर्स यांच्या वाटेत एक फरक आहे, तो बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, मग वर्षभर इंटर्नशिप करावी लागते, आणि ती पुरी झाल्यावर कायमची नोंदणी होते. त्या वर्षात त्याच्यावर सही करणारा कुणीतरी असतो. आमची इंटर्नशिप पदवीच्या आतच येते. आठव्या सेमिस्टरला २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. त्यात मोठ्यांच्या वॉर्डाला सहा आठवडे, आणि सामुदायिक आरोग्य, बालरुग्ण, मनोविकार, प्रसूती यांना प्रत्येकी चार. हे २२ आठवडे आम्ही मनापासून करतो आणि त्यांतून खूप शिकतो. पण ते विद्यार्थिनी म्हणून. ट्रीटमेंट शीटवर आमच्या सहीच्या शेजारी दुसरी सही असते.

मग निकाल लागतो. नर्ससाठी आपल्या देशात लायसन्सची वेगळी परीक्षा नाही. विद्यापीठाची परीक्षा पास झालं की प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, आधार, फोटो, फी असं सगळं घेऊन राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज करायचा. कागद तपासले जातात आणि नोंदणी होते, रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ अशी दोन्ही. नोंदणीची देशभराची संगणकीय यंत्रणा आहे, तिच्यातून एन.यु.आय.डी., म्हणजे देशभर चालणारा स्वतःचा ओळख क्रमांकही मिळतो. आमच्या हॉस्टेलवर सध्या सगळा वेळ याच गप्पा चालतात. कुणाचं आधारवरचं नाव आणि दहावीच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, कुणाच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं आहे. माझी रूममेट रोज झोपायच्या आधी फाईल उघडून झेरॉक्स मोजते. ही धाकधूक मला आवडते. चार वर्षांपूर्वी हातात पणती धरून, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये शपथ घेतली होती, तेव्हा इतकी धडधड नव्हती.

पण क्रमांक मिळण्याच्या आदल्या दिवशी मी जेवढी असेन, तेवढीच दुसऱ्या दिवशीही असेन. अनुभव एका तासाने वाढलेला नसेल. बदललेलं असेल ते एवढंच, की आता जबाबदार मी. चुकलं तर उत्तर मी द्यायचं. हे बरोबरच आहे. जबाबदारी नको म्हणणारी मुलगी या कामात टिकायची नाही. फक्त ज्या दिवशी जबाबदारी खांद्यावर येते, नेमक्या त्याच दिवशी शेजारची सिस्टर काढून घेऊ नका.

आता इन्सुलिनच्या सिरिंजची गोष्ट सांगते.

हे पोस्टिंगमधलं आहे. रुग्णालय कुठलं ते सांगायची गरज नाही. पेडण्याकडची एक आजी होती, साखर खूप वाढलेली, पायाला जखम. संध्याकाळी जेवणाआधी तिला इन्सुलिन द्यायचं होतं, १२ युनिट. मी ट्रे लावला. आजी खाटेवर उठून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "बाय, जेवण केन्ना येतलें गे?" मी तिला हो-हो म्हणत होते आणि हात चालू होता. इन्सुलिनची कुपी नातेवाइकांनी बाहेरच्या फार्मसीतून आणलेली. सिरिंज आमच्या ड्रॉवरमधली, लाल टोपीची. मी १२ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, बुडबुडा काढला, नंबर बरोबर आहे ना ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं. सगळं पुस्तकात आहे तसं केलं होतं.

सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुपी परत वाच. मोठ्याने."

मी वाचलं. शंभर आय.यू. प्रति एम.एल.

"आता सिरिंज वाच."

यू-४०.

त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. ग्लोव्ह्जच्या रिकाम्या खोक्याचं झाकण माझ्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. मी गणित मांडलं. यू-४० च्या सिरिंजवरच्या रेघा एका एम.एल.ला ४० युनिट धरून आखलेल्या असतात, म्हणून तिच्यावर १२ ची रेघ म्हणजे ०.३ एम.एल. शंभरच्या कुपीतलं ०.३ एम.एल. म्हणजे ३० युनिट. म्हणजे मी आजीला १२ च्या जागी ३० द्यायला निघाले होते, अडीचपट. रात्री अकरा-बाराच्या सुमारास, वॉर्डातले दिवे मंद झाल्यावर, तिला घाम फुटला असता, हातपाय कापले असते. झोपली असती तर तेही कुणाच्या लक्षात आलं असतं की नाही, कोण जाणे.

त्या खोक्याच्या झाकणाचा कोपरा मी फाडून घेतला. तो माझ्या प्रोसिजर बुकमध्ये आहे.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी नारिंगी टोपीची, यू-१०० ची सिरिंज आणायला लावली, औषध परत ओढायला लावलं, स्वतः पाहिलं आणि मग आजीपाशी गेल्या. हे सगळं चार-पाच मिनिटांत झालं. आजीला काही कळलंही नाही. तिने तेवढ्यात आणखी दोनदा जेवणाचं विचारलं.

ही गोष्ट मी माझी चूक म्हणून सांगते आणि ती माझीच आहे. पण तुम्ही ती ड्युटीचा तक्ता लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचा. कुपी शंभरची आणि सिरिंज चाळीसची हा सापळा आपल्या वॉर्डांत रोज मांडलेला असतो, कारण दोन्ही प्रकारचं इन्सुलिन आपल्याकडे मिळतं आणि दोन्ही प्रकारच्या सिरिंजा एकाच ड्रॉवरमध्ये येऊन पडतात. यावर उपाय म्हणून आम्हाला शिकवतात की इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड अशी हाय-अलर्ट, म्हणजे थोडं चुकलं तरी जिवावर बेतणारी औषधं दोघींनी तपासायची. एकीने काढायचं, दुसरीने वेगळं वाचून पडताळायचं. परीक्षेत हा प्रश्न आला की आम्ही पानभर लिहितो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ.

मग रात्री वॉर्डात नर्स एकटीच असेल तर दुसरी कोण? तिने कुपी कुणापुढे मोठ्याने वाचायची?

जुनी सिस्टर एकटी असली तरी तिच्या डोळ्याला लाल टोपी आणि नारिंगी टोपी आपोआप खटकते. हजार वेळा पाहिल्यावर ते होतं. आमचा डोळा अजून तयार व्हायचा आहे. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिका-अभ्यासक. त्यांनी १९८४ साली नर्सच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. आम्हाला त्या अभ्यासाला आहेत. मधल्या, म्हणजे सक्षम या तिसऱ्या पायरीवर यायला एकाच प्रकारच्या कामात दोन ते तीन वर्षं लागतात, असं त्या सांगतात. मी तुमच्याकडे तीन वर्षं मागत नाही. तीन महिने मागते.

माझ्या आधीच्या बॅचमधल्या एका मुलीची गोष्ट यापेक्षा कडू आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. अभ्यासात माझ्यापेक्षा खूप पुढे होती, हात हलका, कॅन्युला पहिल्या टोचणीत बसायची. नोंदणी झाल्यावर एका लहान खाजगी रुग्णालयात लागली. पहिले दोन दिवस युनिफॉर्म, फॉर्म, बँकेचं खातं यात गेले. चौथ्या दिवशी रात्रपाळी, एकटी. १४ रुग्ण, एक आया, खाली वॉचमन.

रात्री अडीचला हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एका वयस्कर गृहस्थांचं बी.पी. ८०/५० वर आलं. तिने पाय वर केले, सलाईन जोरात सोडलं, डॉक्टरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. ऑक्सिजन लावायला गेली तर सिलिंडर होता, चावी नव्हती. इमर्जन्सी ट्रॉलीला कुलूप होतं आणि त्याची किल्ली सकाळच्या सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये होती, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आयाला रुग्णापाशी बसवून ती स्वतः खाली धावली, वॉचमनकडे विचारलं, वर आली, पुन्हा फोन. डॉक्टर ४० मिनिटांनी आले. रुग्णाला १०८ मधून मोठ्या रुग्णालयात हलवलं. ते वाचले, आता बरे आहेत. ही सगळ्यांत मोठी गोष्ट.

सकाळी नातेवाइकांसमोर तिला उभं केलं आणि विचारलं, "कॉलेजात तुला शिकवलं तरी काय?"

तिसऱ्या आठवड्यात तिने राजीनामा दिला. आज ती एका हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. काम नीट करते, पगारही बरा आहे. रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र कपाटात, लग्नाच्या साड्यांखाली ठेवलंय असं तिने मला सांगितलं. मी तिला परत ये म्हणाले. ती म्हणाली, "मला रुग्णांची भीती नाही वाटत गं. मला त्या किल्लीची भीती वाटते."

तिने त्या रात्री वैद्यकीय असं काय चुकीचं केलं, मला सांगा. पाय वर केले, सलाईन वाढवलं, ऑक्सिजनला धावली, डॉक्टरांना कळवलं. तिला शिकवलेलं सगळं तिने केलं. तिला माहीत नव्हती ती कॉलेजात शिकवता न येणारी गोष्ट होती: या इमारतीत चावी कुठे असते, या डॉक्टरांनी फोन नाही उचलला तर पुढचा फोन कुणाला, या जिन्याचा दिवा कुठून लागतो. ही माहिती फक्त इथे काम केलेल्या सिस्टरकडे असते. ती सिस्टर त्या रात्री शेजारी असती तर चावी ३० सेकंदांत मिळाली असती, आणि गोव्याला एक चांगली नर्स उरली असती.

तुम्ही म्हणाल, पोरी, माणसं कुठून आणू? मला याचं उत्तर सोपं वाटत नाही. चार वर्षं वॉर्डात वावरल्यावर तुमची ओढाताण आम्हाला दिसते. शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचांमागे एक, हा मापदंड आम्ही पाठ करतो, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेल्यावर तो विसरतो. एका सिस्टरने आजारी म्हणून रजा टाकली की तक्ता कोसळतो. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पेडण्यापासून काणकोणापर्यंतचेच रुग्ण येतात असं नाही, सावंतवाडी-दोडामार्गहून, कारवारहूनही येतात. त्यांना परत पाठवता येत नाही आणि पाठवूही नये. तेव्हा माणसं वाढवा एवढंच सांगून मी मोकळी होणार नाही. आहेत त्या माणसांत काय होईल, ते लिहिते.

नव्या मुलीला पहिला महिना फक्त सकाळ आणि संध्याकाळ द्या. सकाळी राऊंड असतात, डॉक्टर असतात, इनचार्ज असतात, विचारायला दहा माणसं असतात. वॉर्ड ओळखायला तीच वेळ. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रात्र द्या, पण जुन्या सिस्टरबरोबर जोडी लावून. दोन नव्या मुली एका रात्री एका वॉर्डात कधीच नकोत. दोघी मिळून एक जुनी होत नाही. दोघींनाही किल्ली माहीत नसते. लहान रुग्णालयात रात्री एकच नर्स परवडत असेल, तर ते तीन महिने ती एक नर्स जुनीच ठेवा आणि नवीला तिच्या जोडीला सोडा. हा खर्च आहे, मान्य. पण तीन आठवड्यांत सोडून गेलेल्या मुलीच्या जागी दुसरी शोधणं हाही खर्चच आहे, आणि तो तुम्ही दर वर्षी करता.

पहिल्या दिवशी फॉर्म भरून झाल्यावर तिला तासभर वॉर्ड दाखवा. इमर्जन्सी ट्रॉली उघडून दाखवा, ऑक्सिजनची चावी तिच्या हातात द्या आणि तिच्याकडून एकदा सिलिंडर उघडून घ्या. फोन नंबरांचा कागद भिंतीला चिकटवा, एकाखाली एक, कुणी नाही उचलला तर पुढचा कोण. एवढ्याला एकही जास्तीचा माणूस लागत नाही.

आणि एका वहीचं मागणं आहे. होता होता राहिलेल्या चुका लिहायची वही. माझ्या इन्सुलिनसारख्या. त्यात नाव लिहायचं नाही, मेमो द्यायचा नाही. महिन्याच्या शेवटी इनचार्ज सिस्टरनी ती सगळ्यांसमोर वाचायची. त्या दिवशी मला शिक्षेची भीती असती तर मी ती गोष्ट कुणालाच सांगितली नसती, आणि लाल टोपीच्या सिरिंजा अजून त्याच ड्रॉवरमध्ये असत्या. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी दोन डबे केले आणि त्यांवर मार्करने ४० आणि १०० असं मोठं लिहिलं.

चवथीचंही, म्हणजे गणेशचतुर्थीचंही बोलते, कारण ते बोलल्याशिवाय गोव्यातल्या तक्त्याबद्दल बोलणं पुरं होत नाही. चवथीला सगळा गोवा आपापल्या मूळ घरी जातो. जुन्या सिस्टरांनी वर्षानुवर्षं सणाच्या रात्री काढल्या आहेत. त्यांना आता घरी माटोळी बांधायला, नातवंडांबरोबर आरतीला बसायला मिळावं, हा त्यांचा हक्कच आहे. म्हणून त्या दिवसांतल्या रात्री नव्या मुलींच्या वाट्याला येतात. आम्ही त्या आनंदाने घेऊ. खरंच घेऊ. माझ्या आईने आत्ताच विचारून ठेवलंय, "पुढच्या चवथीला येशील ना गं?" मी नाही म्हणून सांगितलं. फक्त त्या रात्रींत डॉक्टर कमी असतात, फार्मसी लवकर बंद होते, पावसात झाड पडून रस्ता अडतो. वर्षातल्या सगळ्यांत अवघड रात्री सगळ्यांत नव्या मुलींवर, त्याही एकटीवर, असं नको. दोन वॉर्डांना मिळून एक जुनी सिस्टर फिरती ठेवली तरी पुष्कळ होईल.

हे सगळं मला इतकं जवळचं का वाटतं, तेही सांगते.

२०१६ च्या काजूच्या हंगामात सत्तरीत माकडताप होता. गोचीड चावून होतो तो. माणसं पहाटे बागेत जात, बोंडू आणि बिया वेचत, पाचोळ्यात बसत, आणि आठवड्याभरात तापाने आडवी होत. मी तेव्हा सहावीत होते. बाबांना ताप आला, डोकं फुटतंय म्हणून ते भिंतीला कपाळ लावून बसत. मग हिरड्यांतून रक्त आलं. आईने त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, मीही बरोबर गेले.

माकडतापावर थेट असं औषध नाही. सलाईन द्यायचं, ताप उतरवायचा, कुठून रक्त जातंय का यावर डोळा ठेवायचा, दर थोड्या वेळाने बी.पी. बघायचं. म्हणजे जवळजवळ सगळी नर्सिंगच. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मला दिसत होत्या फक्त दोन सिस्टर, एक मोठी आणि एक अगदी तरुण, नुकतीच लागलेली. तरुण सिस्टरचे हात थरथरत होते. मोठी म्हणाली, "थांब, आधी त्यांना विचार." तिने बाबांना विचारलं, "भाऊ, ही नवी आहे. हिने सलाईन लावलं तर चालेल? मी इथेच आहे." बाबा तापातही हसले आणि हात पुढे केला. पहिल्यांदा शीर फुटली, हिरवंनिळं झालं. मोठीने कापूस दाबून धरायला सांगितला, दुसरा हात घ्यायला लावला, स्वतःच्या बोटाने शीर कुठे उसळते ते तिला चाचपायला लावलं. दुसऱ्यांदा बसली. त्या दिवसानंतर ती तरुण सिस्टर बाबांकडे आली की आधी त्यांचा डावा हात बघायची, निळं उतरलं का म्हणून.

बाबा अजूनही लोकांना सांगतात, माझ्या हातावर एक नर्स शिकली. माझ्या अॅडमिशनच्या वेळीही त्यांनी हेच सांगितलं होतं. त्यांच्या लेखी त्या दवाखान्यात त्यांना त्रास झाला नाही, त्यांनी कुणाला तरी काहीतरी दिलं.

मी तुमच्याकडे मागते आहे ती हीच "मी इथेच आहे" म्हणणारी सिस्टर. ही पद्धत बाहेरून आणायची गरज नाही. आपल्या दवाखान्यांत ती होती आणि चांगल्या वॉर्डांत आजही आहे, पण ती त्या त्या सिस्टरच्या चांगुलपणावर चालते. ती सिस्टर बदली होऊन गेली की संपते. तक्त्यात लिहिली तर टिकेल.

आमच्या वर्गातल्या काही मुली एन.सी.एल.ई.एक्स.ची, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सच्या लायसन्स परीक्षेची पुस्तकं आत्तापासून घेऊन बसल्या आहेत, काही आखाताच्या परीक्षांचं बघतात, काही इंग्रजीच्या ओ.ई.टी.चा क्लास लावणार आहेत. त्यांना पैसा हवा आहे, त्यात चूक काही नाही. घरं त्यांच्यावर उभी आहेत. पण गेलेल्या सीनियर फोनवर दुसरीही एक गोष्ट सांगतात. तिकडे नव्या नर्सला काही आठवडे शिकवणारी एक जुनी नर्स नेमून देतात, तिचं नाव कागदावर असतं, आणि तिच्या पाळीप्रमाणेच नवीची पाळी लागते. हे ऐकताना आमच्या खोलीत सगळ्या गप्प होतात. परदेशी जाण्याची ओढ कमी करायला तुम्ही पगार तेवढा देऊ शकणार नाही. हे देऊ शकता.

आत्ताची वेळही बरी आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. राज्यांनी आपापले आयोग नेमायचे आहेत. नियम नव्याने लिहिले जातील, तेव्हा नोंदणीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांची सोबत त्यात यावी यासाठी तुम्ही बोललात तर ऐकलं जाईल. आमच्यासारख्या विद्यार्थिनींचं कोण ऐकणार? मात्र नियम यायची वाट बघू नका. पुढच्या महिन्याचा तक्ता तुमच्याच पेनने लिहिला जाणार आहे.

आमच्या बाजूने काय, तेही लिहायला हवं. आम्ही विचारायला लाजणार नाही. कुपी मोठ्याने वाचू, तुम्हाला कंटाळा आला तरी वाचू. हँडओव्हरला १५ मिनिटं आधी येऊ. तीन महिने तुम्ही आम्हाला सोबत दिलीत तर चौथ्या महिन्यापासून पुढच्या नव्या मुलीची सोबत आम्ही करू, आणि त्यासाठी वेगळं काही मागणार नाही.

मी आणि माझ्या वर्गातल्या आणखी ११ मुलींनी एक ठरवलं आहे. नोकरीच्या मुलाखतीत शेवटी विचारतात, "तुला काही विचारायचं आहे का?" आजवर सगळ्या जणी नाही म्हणून उठत आल्या. आम्ही विचारणार आहोत: पहिल्या रात्रपाळीला माझ्याबरोबर कोण असेल? उत्तरादाखल एखाद्या सिस्टरचं नाव सांगितलंत, तर आम्ही त्याच दिवशी फॉर्म भरू.

आपली नम्र,
बी.एस्सी. नर्सिंग अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी
सत्तरी, गोवा